आधी दारू सोड, मग ये

अकोले तालुक्यात पिणाऱ्याच्या घरी बसलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. आई म्हणते, "त्याच्या डोक्याला काहीतरी झालं, म्हणून प्यायला लागला." बायको म्हणते, "प्यायला लागला, म्हणून डोकं फिरलं." दोघी एकाच माणसाविषयी बोलत असतात आणि बऱ्याचदा दोघींचंही खरं असतं. घरात ही दोन्ही वाक्यं एकत्र नांदतात. दवाखान्याच्या पायरीवर मात्र त्यातलं एकच निवडावं लागतं. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेला माणूस रात्री भिंतीशी बोलायला लागला की 'हा मनोरुग्ण आहे, याला इथे ठेवता येणार नाही' असं सांगून घरच्यांना बोलावून घेतात. तोच माणूस मानसोपचार तज्ज्ञासमोर बसला आणि तोंडाला वास आला, की उत्तर मिळतं, "आधी दारू सोड, मग ये." दारू सोडण्याइतकं मन ताळ्यावर असतं तर तो आला कशाला असता? दोन्हीकडून परत आलेल्या माणसाला तिसरी जागा ठाऊक असते. ती संध्याकाळी उघडी असते आणि तिथून कुणी परत पाठवत नाही.

हे पुस्तक त्याच्यासाठी आणि त्याच्या माणसांसाठी आहे. लिहिताना डोळ्यांसमोर होत्या वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेतले शिक्षक, बचत गटातल्या बायका, पोलीस पाटील आणि माळ घालून दारू सोडलेले वारकरी. डॉक्टरांनी वाचलं तर आनंदच आहे, पण त्यांच्यासाठी मोठे ग्रंथ आहेत. पुस्तकाचं म्हणणं एवढंच की मनाचा आजार आणि व्यसन एका माणसात एकत्र असतील तर उपचारही एकत्र व्हायला हवेत, एकाच वेळी आणि एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांकडून. आधी हा, मग तो, असा क्रम लावला की दोन्ही हातचे जातात.

अशी जोडी क्वचितच आढळते असा समज आहे, तो खरा नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात पाच ठिकाणच्या वीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. दारूचा आजार असलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा एखादा मानसिक आजार झालेला होता. स्किझोफ्रेनिया झालेल्यांपैकी ४७ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या व्यसनाच्या आजारातून गेलेले होते. आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे अकोल्यातल्या प्रवरेच्या खोऱ्याला लावू नयेत. कारणं मात्र इथेही तीच आहेत. झोप लागत नाही, छाती धडधडते, कानात आवाज येतात, काही करावंसंच वाटत नाही. अशा वेळी दारूने घटकाभर बरं वाटतं. तीच दारू महिन्या-दोन महिन्यांत झोप आणखी मोडते आणि उदासी आणखी गडद करते. शिवाय काही घराण्यांत दोन्ही आजारांचा कल रक्तातूनच येतो, आणि लहानपणी मार, उपासमार, सततचं स्थलांतर वाट्याला आलेल्या मुलांना मोठेपणी दोन्हींचा धोका वाढतो.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. दारूचा आजार असूनही उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण त्यात ८६ टक्के निघालं. २०१९ साली दिल्लीच्या एम्सने व्यसनांविषयीचा देशव्यापी अहवाल दिला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. हे झालं एकट्या दारूच्या आजाराचं. दोन्ही आजार असलेल्याला दोन्हींवर उपचार मिळणं ही त्याहून कितीतरी दूरची गोष्ट आहे.

कारणाच्या रकान्यात झटकन एक शब्द लिहून मोकळं होण्याची सवय जुनी आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्या पाहून तेव्हा असं मानलं जाई की हिंदुस्थानात वेड लागण्याचं एक मोठं कारण गांजा आहे. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या, इस्पितळांतल्या एका वर्षाच्या केसेस मुळापासून तपासल्या, तेव्हा निराळंच दिसलं. रुग्णाला पाठवताना कागदावर काहीतरी कारण लिहावंच लागे. माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की पोलीस तेच कारण म्हणून टाकत आणि इस्पितळात तेच उतरवून घेत. चौकशी केल्यावर अशा कितीतरी नोंदी टिकल्या नाहीत. गांजा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याविषयी पुढे लिहिलं आहे. पण आज एखाद्या केसपेपरवर 'दारूचा पेशंट' असं लिहिलं गेलं की पुढचे प्रश्न थांबतात. झोप कधीपासून गेली, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, पिण्याआधी तो कसा होता, हे कुणी विचारत नाही. सव्वाशे वर्षांत आपण त्या नोंदवहीपासून फार पुढे आलेलो नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

महाराष्ट्रात मनाचे उपचार आणि व्यसनमुक्ती या दोन वाटा मुळात एकाच आवारातून निघाल्या. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर केलेलं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचार तज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या, आणि मुक्तांगणची पहिली जागाही त्याच मनोरुग्णालयाच्या परिसरात होती. मन जाणणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि व्यसनातून उठलेले कार्यकर्ते तिथे एका छताखाली काम करत होते. पुढे १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. मुक्तांगणच्या कामाशीही त्यांचं जवळचं नातं होतं. म्हणजे मन आणि व्यसन यांचा एकत्र विचार करण्यासाठी आपल्याला परदेशातून काही आणायचं नव्हतं. आपल्याच माणसांनी ते करून दाखवलं होतं.

पुढे गावोगाव व्यसनमुक्ती केंद्रं निघाली, पण सगळ्यांनाच अनिताताई मिळाल्या नाहीत. बरीच केंद्रं स्वतः दारू सोडलेल्या माणसांनी चालवलेली असतात. त्यांच्याइतकं पिणाऱ्याचं मन कुणाला कळत नाही, आणि त्यांच्या त्या अनुभवाची किंमत करावी तेवढी थोडीच. तरीही मानसोपचार तज्ज्ञ येत नसेल तर उन्माद आणि दारूची धुंदी यातला फरक ओळखणार कोण? काही ठिकाणी तर कोंडून ठेवणं आणि मारहाण यालाच उपचार म्हटलं जातं. तसं केंद्र दिसलं तर आपलं माणूस तिथे ठेवू नका, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे.

सरकारी रचनेतही फाळणी झाली आहे. दारूची दुकानं राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे, मनाचे आजार सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. माणूस एक आणि त्याच्या फायली तीन इमारतींत. कायद्याने मात्र ही फाळणी मानलेली नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा स्पष्ट समावेश आहे. २९ मे २०१८पासून हा कायदा लागू आहे. सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणं हा त्यात प्रत्येकाचा हक्क आहे. 'दारुडा आहे' म्हणून ज्याला दारातूनच परत पाठवलं जातं, त्याचा हा हक्क हिरावला जातो. आशाताईंनी हे वाक्य पाठ करून ठेवावं, गरज पडली तर ऐकवावं.

आता अकोले तालुक्याकडे वळू. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचं धरण या नावांनी तालुका बाहेरच्यांना ठाऊक आहे. इथल्या माणसांना त्याची दुसरी ओळखही आहे: हातभट्टी, चोरून विकली जाणारी देशी, आणि त्याविरुद्ध पेटून उठणाऱ्या बाया. हेरंब कुलकर्णी यांच्यासारखे कार्यकर्ते इथे वर्षानुवर्षं दारूबंदीसाठी झगडत आले आहेत. कीर्तनातून दारूवर कोरडे ओढणारे निवृत्तीमहाराज इंदोरीकर याच तालुक्यातल्या इंदोरी गावचे. राज्याच्या नियमांप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानासाठी मतदान घ्यावं लागतं आणि निम्म्याहून जास्त महिलांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होतं. या लढ्याविषयी मला आदर आहे आणि पुस्तक त्याच्या बाजूचं आहे. दारू सहज मिळेनाशी झाली की नव्याने पिणारे कमी होतात, यात शंका नाही.

पण जो आधीच दारूवर अवलंबून झाला आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी उरतोच. पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्याविषयी आहे, आणि इथेही मी त्यावरच जरा जास्त थांबणार आहे.

काही माणसांना डोळा उघडल्या उघडल्या घ्यावी लागते. घेतली नाही तर हात लटपटतात, चहाचा कप धरवत नाही, घाम फुटतो, मळमळतं. अशा माणसाच्या मेंदूने स्वतःचा तोल दारूच्या हिशोबाने बांधलेला असतो. दारू एकदम बंद झाली की सहा ते चोवीस तासांत ही थरथर सुरू होते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींच्या बाबतीत ते घडतं, ज्याला घरचे म्हणतात, "दारू सोडली आणि येडा झाला." दिवस की रात्र कळत नाही. अंगावर किडे, विंचू चालताना दिसतात. मेलेली माणसं दारात उभी दिसतात. अंथरुणावर बसून नसलेला नांगर धरतो, नसलेल्या बैलांना हाकतो. अंग तापलेलं, नाडी धावती, डोळ्यांत भीती.

आपल्याकडे याचा एकच अर्थ लावला जातो: बाहेरचं काहीतरी लागलं. मग भगताला, देवऋषाला बोलावतात, उतारा टाकतात, कधी दोरीने बांधून घालतात. एक रात्र जाते, दुसरी जाते. उपचार झाला नाही तर या अवस्थेत माणूस दगावू शकतो, आणि उपचार झाला तर बहुतेक माणसं काही दिवसांत शुद्धीवर येतात. दोन वाटांमधलं हे अंतर फक्त वेळेवर काढलेल्या गाडीचं असतं. रुग्णालयात लोराझेपाम किंवा डायझेपामसारखी औषधं ठरावीक प्रमाणात देऊन हळूहळू कमी करतात आणि थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. एक बारकावा कंपाउंडरपासून डॉक्टरपर्यंत सर्वांनी लक्षात ठेवायला हवा. वर्षानुवर्षं पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला आल्या आल्या ग्लुकोजची बाटली लावू नये. आधी थायमिन द्यावं. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊन स्मरणशक्ती जाण्याचा धोका असतो. गावात 'सलाईन लावलं की बरं वाटतं' ही समजूत इतकी पक्की आहे, की हे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार.

दारू अशी अचानक तुटणं एकाच्या नाही, हजारोंच्या बाबतीत एकदम घडू शकतं हे देशाने २०२०च्या टाळेबंदीत पाहिलं. मार्चअखेरीस दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि रुग्णालयांत अशा रुग्णांची रीघ लागली. केरळातून तर आत्महत्यांच्या बातम्या आल्या. म्हणून दारूबंदीच्या कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गावातला गुत्ता बंद करायला जाल तेव्हा गावातल्या सकाळी पिणाऱ्यांची यादी आशाताईंकडून करून घ्या आणि बंदीच्या दिवशी एक आरोग्य कर्मचारी सोबत ठेवा. अशा माणसाने घरच्या घरी, कुणाच्या शपथेपोटी किंवा माळ घालून, एका दिवसात दारू तोडू नये. माळ जरूर घालावी, तिचं बळ मोठं आहे. आधी दवाखान्यात आठवडा काढावा, मग घालावी.

तिसऱ्या दिवशीचा हा भ्रम ओसरला की बहुतेकांना वाटतं, संपलं. खरं तर निदानाचं काम इथून सुरू होतं. दारू सुटल्यावर माणूस उदास असतो, रडतो, जेवत नाही. ही उदासी दारूने आणलेली असेल तर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळशी उतरते. उतरली नाही, किंवा पिण्याआधीही तशी होती, किंवा मधे वर्षभर दारू सुटलेली असतानाही आली होती, तर तो नैराश्याचा स्वतंत्र आजार समजावा आणि त्याचे उपचार करावेत. पण मरणाचे विचार असतील तर चार आठवडे वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पुस्तकात यासाठी घरच्यांनी ठेवायची एक साधी वही दिली आहे: आज किती प्याला, किती तास झोपला, जेवला का, कामावर गेला का, काय वेगळं बोलला. मानसोपचार तज्ज्ञाला ही वही म्हणजे सोनं आहे, कारण आधी काय आणि मग काय हे त्यातून दिसतं.

संशयाचा आजार वेगळा सांगायला हवा. पिणाऱ्या नवऱ्याने बायकोवर संशय घ्यावा हे आपल्याकडे इतकं रोजचं झालं आहे, की त्याकडे स्वभाव म्हणून पाहिलं जातं. ती पाण्याला गेली तर मागोमाग जाणं, तिचा फोन तपासणं, नसलेल्या माणसाची चाहूल लागणं, रात्रभर उठवून कबुली मागणं. दारू उतरल्यावरही हे टिकत असेल तर तो मनाचा गंभीर आजार आहे, त्यावर औषधं आहेत, आणि तोवर त्या बाईच्या जिवाला खरा धोका आहे. तिला 'सांभाळून घे' असं सांगू नका. तिला आणि मुलांना आधी सुरक्षित जागी हलवा.

तरुण पोरांमध्ये गांजाची गोष्ट निराळी. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. ओढणाऱ्या प्रत्येकाला वेड लागतं असं नाही. पण घरात कुणाला असा आजार असेल तर त्या घरातल्या मुलाने गांजाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. तंबाखूविषयी तर कुणी बोलतच नाही. मनाच्या गंभीर आजारात बिडी-सिगारेट फार वाढते, आणि तिच्या धुराने ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं. बिडी वाढली किंवा सुटली, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

गोळ्यांविषयी दोन गैरसमज जीव घेतात. एक असा की दारू सोडवायची गोळी नवऱ्याच्या भाजीत किंवा चहात गुपचूप घालायची. बायका हे हताश होऊन करतात, त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, पोटात असताना माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून तो मरू शकतो, आणि ज्याला भास होतात त्याचे भास या गोळीने वाढू शकतात. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायची असते. दुसरा गैरसमज उलट्या टोकाचा: 'मनाच्या गोळ्या म्हणजेही नशाच, दारू सोडलीस तर त्याही सोड.' हा सल्ला प्रेमापोटी देतात, बऱ्याचदा स्वतः दारू सोडलेली माणसंच देतात. नैराश्यावरच्या, स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्या किंवा लिथियम यांची तल्लफ येत नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्या, आणि त्याच नेमक्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेनेही आपल्या सदस्यांसाठी पुस्तिका काढून बजावलं आहे की कुणी कुणाचा डॉक्टर होऊ नये.

दोन्ही आजारांचे उपचार एकत्र कसे करायचे, याची नीट बांधणी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक, किम म्यूझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांच्या कामातून मला सर्वांत मोलाची वाटते ती सबुरी. माणूस अजून पीत असतानाही त्याचे मनाचे उपचार सुरू ठेवायचे. तो आला नाही तर त्याच्या घरी जायचं. पहिले काही महिने दारूचा विषयही न काढता रेशनकार्ड, काम, झोप यात मदत करायची आणि विश्वास बसल्यावर पुढे सरकायचं. पुन्हा प्याला तर नाव कमी करायचं नाही. हिशोब वर्षांचा ठेवायचा.

हे सगळं करायला तज्ज्ञ कुठून आणणार, हा रास्त प्रश्न आहे. उत्तराचा एक भाग शेजारच्या गोव्यात मिळाला. संगाथ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना कामाला लावलं. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फक्त चार बैठकांपर्यंत बोलणं झालं. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के. नैराश्यासाठीच्या बैठकांनंतर ६४ टक्के सावरले, नेहमीच्या सेवेने ३९ टक्के. पण हे दोन प्रयोग वेगवेगळे होते, आणि दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्यांना त्यात घेतलं नव्हतं. म्हणजे आपला माणूस तिथेही दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत राहिला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. दीड वर्षाच्या कामानंतर नैराश्यासाठी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातल्याच माणसाने दार ठोठावलं की लोक बोलतात, एवढं त्यातून नक्की ठरलं. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, मानधन अपुरं आहे. हे काम त्यांना द्यायचं तर वेगळा मोबदला देऊन द्यावं, सेवाभावाच्या नावाखाली नाही.

अकोले तालुक्यात एकत्र उपचारांची ही घडी बसवताना पाऊस आणि रस्ता यांचा विचार करावा लागेल. घाटघर, रतनवाडी, साम्रद इकडे पावसाळ्यात दिवसच्या दिवस माणूस बाहेर पडू शकत नाही, आणि भाताची आवणी आटोपल्यावर नेमकं हाताला काम नसतं. तेव्हा गोळ्या संपतात आणि दारू सुरू होते. डॉक्टरांनी मेअखेरीस दोन महिन्यांची औषधं एकदम लिहून द्यावीत, ती पेशंटच्या हाती न देता घरातल्या किंवा शेजारच्या जबाबदार माणसाकडे राहावीत. मजुरीला नारायणगावकडे जाणाऱ्यांच्या सोबत औषधाची चिठ्ठी असावी. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब आहे. प्रवरेच्या काठाने खाली लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, पण जाऊन येऊन एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून राजूर आणि अकोले इथल्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी मानसोपचार तज्ज्ञ यावा आणि त्याच वारी, त्याच खोलीत व्यसनमुक्तीचा समुपदेशक बसावा, ही मागणी पुस्तक करतं. तोवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाणीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

एक गोष्ट रागाने लिहितो आहे. 'आदिवासी म्हणजे पिणारच' हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. महादेव कोळी किंवा ठाकर समाजातला माणूस गप्प झाला, कामावर जाईना, की हे वाक्य त्याच्या तोंडावर मारलं जातं आणि त्याचं नैराश्य कधी तपासलंच जात नाही. जातीला चिकटवलेलं व्यसन हे निदान नव्हे. ते माणसाला उपचारापासून दूर ठेवायचं साधन आहे.

घरातल्या बाईसाठी वेगळं प्रकरण आहे, आणि ते नवऱ्याची काळजी कशी घ्यावी याविषयी नाही. तिची स्वतःची झोप, तिची धडधड, तिची मशेरी, क्वचित तिचंही पिणं यांविषयी आहे. तिच्याही मनाला उपचार हवे असतात आणि ते नवरा सुधारेपर्यंत लांबणीवर टाकायचे नसतात. मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' गट चालतो. तसा गट बचत गटाच्या बैठकीनंतरच्या अर्ध्या तासातही चालवता येईल, कसा ते तिथे लिहिलं आहे.

प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचावीत. एकच अपवाद आहे. घरातल्या पिणाऱ्या माणसाने मरणाची भाषा केली असेल, मग ती नशेत का असेना, तर शेवटचं प्रकरण आधी उघडा. मरणाचा विचार आणि कृती यांत अनेकदा थोडाच वेळ जातो, आणि दारू तो आणखी कमी करते. त्या वेळी हाताशी असतं ते टोमॅटोवर मारायचं औषध, कोठीत नाहीतर खाटेखाली ठेवलेलं. ते आजच्या आज घरातून बाहेर काढा, भावकीतल्या किंवा शेजारच्या घरी कुलपात ठेवा, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. सकाळी तो शुद्धीवर आला की सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. तो "हो" म्हणाला तर पुढे काय बोलायचं, कुणाला फोन करायचा, कुठे न्यायचं, ते तिथे ओळीने दिलं आहे.